उत्तर येईपर्यंत थांबणारे साडू

या पृथ्वीच्या पाठीवर ‘झालं’ या शब्दावर अजिबात विश्वास न ठेवणारा माणूस एकच आहे, आणि माझ्या पत्रिकेतल्या कुठल्यातरी ग्रहाच्या कृपेने तो माझा साडू आहे. बाकी जगात माणसं एकमेकांना कामं सांगतात, समोरचा ‘झालं’ म्हणतो आणि दोघंही सुखाने चहा पितात. देश यावरच चाललाय. आमच्या साडूंना हे मंजूर नाही. त्यांच्या मते काम सांगणं वेगळं, ते पोचणं वेगळं, ते होणं वेगळं आणि झाल्याचं उत्तर परत येणं आणखी वेगळं. या शेवटच्या पायरीपर्यंत ज्याला थांबवत नाही त्याने मुळात काम सांगूच नये. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. म्हणजे हा माणूस मी निवडलेला नाही, सासऱ्यांनी निवडलेला आहे, आणि तोही माझ्या आधी चांगली सहा वर्षं. मी त्या घरात गेलो तेव्हा तक्रारीला जागाच उरली नव्हती.

मिसळीच्या दुकानात लोक जादा कट मागवतात आणि गप्पा मारत बसतात. साडू कट मागवतात, उठतात आणि भटारखान्याच्या दारात जाऊन उभे राहतात. मालक ओरडतो, “पावणं, बसा की, आणतो न्हवं!” साडू शांतपणे सांगतात, “आणतो म्हंजे अजून आणलं न्हाय.” व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन निळ्या खुणा म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ अफवा. निरोप पाठवला की ते पाठोपाठ फोन करतात, “वाचलं का?” आपण हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयार असतो, “काय वाचलं, सांगा बघू.” माझ्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, माणसं जेवणाच्या पंगतीकडे पळाली, आणि त्या गोंधळात हे गृहस्थ स्टेजवर येऊन माझ्या कानात म्हणाले, “मंगळसूत्राची कडी नीट बसली का बघितलं न्हवं?” मी हो म्हणालो, तर त्यांनी खात्रीसाठी आपल्या बायकोला पाठवलं. देवाच्या बाबतीतही सवलत नाही. नवस बोलून घरी निघून येणं त्यांना पटत नाही. जिथे कौल लावता येतो, फूल उजवीकडे पडलं की डावीकडे हे तिथल्या तिथे दिसतं, तोच त्यांचा देव. बाकीच्या देवांना ते रस्त्यातल्या ओळखीच्या माणसासारखा नमस्कार करतात आणि पुढे जातात.

अशा माणसाशी निदान कचेरीत तरी संबंध येऊ नये, पण आम्ही दोघं एकाच सहकारी संस्थेत नोकरीला. संस्थेचं नाव सांगत नाही, मला अजून तिथून निवृत्त व्हायचं आहे. मुख्य कचेरी शाहूपुरीत, शाखा गावोगाव. मी आस्थापना विभागात, म्हणजे कोण लागला, कोण बदलून गेला, कोण निवृत्त झाला याच्या नोंदी ठेवणारा. साडू संगणक विभागाचे प्रमुख, आणि विभागात ते एकटेच असल्यामुळे शिपाईसुद्धा तेच. मध्यंतरी संचालक मंडळाच्या कानावर कुणीतरी घातलं की हल्ली माणसांची ओळख सांभाळणारं सॉफ्टवेअर मिळतं. कर्मचाऱ्याचं नाव एकदाच एका ठिकाणी भरायचं, मग कुणाला कुठल्या संगणकात शिरता येईल आणि कुणाला नाही, ते सगळं तेच बघतं. माणूस लागला की त्याचं लॉगिन उघडतं, निवृत्त झाला की बंद करतं. कचेरीतल्या कचेरीत हे सोपं आहे. पण सभासदांची यादी असते त्या त्या शाखेतल्या जुनाट संगणकात. तिथे हे सॉफ्टवेअर शाहूपुरीतून तारेवरून हुकूम पाठवतं, की अमक्याचं लॉगिन बंद कर. शाखेतला संगणक तो हुकूम पाळतो, निदान त्याने पाळावा अशी अपेक्षा असते.

ही सगळी जोडणी करायला पुण्याहून एक इंजिनिअर बाई आल्या. त्या जोडणीत एका जागी एक चौकोन होता. त्यात खूण केली नाही, तर सॉफ्टवेअर हुकूम सोडतं, ‘झालं’ अशी नोंद करतं आणि पुढच्या कामाला लागतं. खूण केली, तर शाखेतून उत्तर येईपर्यंत जागचं हलत नाही. बाईंनी चौकोन मोकळा सोडला. साडू मागे उभे होते, अर्थातच. “बाई, उत्तर घ्या की.” बाई म्हणाल्या, “सर, थांबलं की स्क्रीन अडकते, वापरणाऱ्याला कंटाळा येतो. हुकूम गेला की काम झालं असं आपण धरतो.” त्या ‘धरतो’ने साडूंचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्यादेखत मिसळीत साखर घातली. “धरतो? कशाच्या जोरावर धरता?” प्रकरण थेट संचालकांच्या बैठकीत गेलं. साडूंनी तिथे समजावून सांगितलं की काम नीट झालं तर तिकडचा संगणक शून्य हा आकडा परत पाठवतो, दुसरा कुठलाही आकडा आला तर घोटाळा समजायचा. “शून्य आलं पायजे, शून्य!” ते टेबलावर हात आपटून म्हणाले. सगळी हयात निवडणुका लढवण्यात गेलेल्या त्या मंडळींनी शून्यासाठी इतका जीव टाकणारा माणूस पहिल्यांदाच बघितला असावा.

मग प्रात्यक्षिक झालं. बाईंच्या पद्धतीने बटण दाबलं, की लगेच हिरवी खूण. चेअरमन खूश. साडूंच्या पद्धतीने बिद्रीच्या शाखेला हुकूम पाठवला, तर स्क्रीनवरचं चाक फिरतंय, फिरतंय, चेअरमनांचा अर्धा चहा संपला तरी फिरतंय. “हे काय हो? दळण ठिवून गिरणीत बसल्यागत वाटतंय,” चेअरमन म्हणाले आणि थांबायचं नाही असा ठराव झाला. त्या बैठकीत सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. “साडू, निदान यंत्राला तरी सुखानं जगू द्या,” असंही बोललो. सॉफ्टवेअर थांबत नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याचं थांबायला साडूंनी स्वतः सुरुवात केली. मी कुणाचीही नोंद केली की ते त्या शाखेला फोन लावत, “लॉगिन बंद झालं का? बसून बघा. आत जातंय का बघा. मी धरलोय फोन.” सगळ्या शाखांना त्यांचा आवाज पाठ झाला. कोडोलीतला एक क्लार्क तर फोन उचलल्या उचलल्या ‘शून्य, साहेब, शून्य!’ म्हणायचा. तरी साडू तपासून घ्यायचेच.

आता कोडोलीच्या शाखेतले अण्णा. जुने, सरळ, वक्तशीर क्लार्क. ते सप्टेंबरअखेरीस निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे थट्टा नाही. ज्याचं जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा करायची आणि त्याला विश्रांती द्यायची. शेतकऱ्याचा विळा-कोयता, ड्रायव्हरची गाडी, शिंप्याची मशीन, आणि आमच्या शाखांतून संगणक. मुख्य कचेरीत आम्ही जरा शहाणे झालोय, आधी काम उरकतो आणि मग हळदी-कुंकू लावतो. कोडोलीची मंडळी तशी नाहीत. त्यांनी सकाळी दहालाच संगणक बंद केला, पुसला, हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूचा घसघशीत हार घातला, पुढे नारळ ठेवला आणि त्याचा फोटो कचेरीच्या ग्रुपवर टाकला. दसरा होईपर्यंत त्याला कुणी हात लावणार नव्हतं. मी फोटोखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. तासाभराने मीच अण्णांच्या निवृत्तीची नोंद केली, बटण दाबलं, हिरवी खूण आली. फोटो आणि हुकूम यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. माझं डोकं फुलांच्या बाजारात होतं.

साडू त्या दिवशी रजेवर, गडहिंग्लजकडे आपल्या गावी पूजेला गेलेले. गावातून त्यांचा फोन आला. सकाळपासूनचा चौथा. मी एका हातात झेंडूची पिशवी घेऊन दरासाठी भांडत होतो. “साडू, इथं रेंज धड न्हाय. अण्णांचं लॉगिन कोडोलीत बंद झालं का, तेवढं शाखेत फोन लावून विचारता का?” मी म्हणालो, “विचारलं की.” “काय म्हनले?” “झालं म्हनले.” “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी कुणालाही विचारलं नव्हतं. हिरवी खूण बघितली होती, वैताग आला होता, आणि या माणसाला कधीतरी गप्प बसवायची हौस होती. एकच गोष्ट त्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवी होती, की जगाला तीन-तीनदा विचारणारा हा माणूस माझ्या एका शब्दावर गप्प बसला. पण मी तेव्हा फुलवाल्याशी भांडत होतो.

दिवाळी झाली आणि संस्थेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. एके दिवशी कोडोलीहून एक उंचापुरा शेतकरी आला आणि त्याने शाहूपुरीच्या कचेरीत काउंटरवर हात आपटला. “मला एवढंच सांगा, मी कवा मेलो?” काउंटरवरच्या बाई घाबरल्या. “काय झालं, पावणं?” “यादीत माझ्या नावाम्होरं मयत लिवलंय! बायकू इचारती, तुमचं तेरावं उरकलं का ऱ्हायलंय? मत कुणी द्यायचं, माझ्या भुतानं?” यादी काढली, तर तो एकटा नव्हता. कोडोलीचे अकरा सभासद, सगळे धडधाकट, एका दुपारी मयत झाले होते, आणि त्यांना मारलं होतं अण्णांच्या लॉगिनमधून. अण्णा बिचारे महिन्याभरापूर्वीच घरी बसलेले. त्यांचा पासवर्ड मात्र अख्ख्या शाखेला माहीत, कारण विसरू नये म्हणून त्यांनी तो संगणकालाच चिकटवून ठेवला होता. तिथे नेमकं कोण बसलं आणि कुणाच्या सांगण्यावरून बसलं, ते नंतर उघड झालं, पण त्यात मी शिरत नाही. मला त्या रस्त्याने जावं-यावं लागतं.

अडचण वेगळीच होती. सॉफ्टवेअरच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, अण्णांचं लॉगिन खंडेनवमीला अकरा वाजता बंद, पुढे हिरवी खूण. बंद केलेलं लॉगिन महिन्याने उघडं कसं? कुणीतरी उघडलं असणार. उघडायचा अधिकार कुणाला? संस्थेत एकाच माणसाला. चेअरमन साडूंना म्हणाले, “साहेब, किल्ली तुमच्याकडंच हाय की. खुलासा द्या, आणि तोवर घरी बसा.” ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांच्या कामाची खात्री केली, त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री द्यायला त्या खोलीत कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी तिथेच होतो, हातात फाईल घेऊन.

संध्याकाळी त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणतो, आमच्या घरी आली आणि पदरात तोंड घालून रडली. “ह्यांनी पैसं खाऊन जित्ती मानसं मारली म्हनत्यात लोकं. नोकरी गेली तर जाऊ दे, पण ह्यांचं नाव गेलं की गं.” माझी बायको माझ्याकडे बघत म्हणाली, “तुमच्याच कचेरीतलं हाय, तुम्हाला ठाऊक असंल की काहीतरी.” मी म्हणालो, “बघतो.” दोन दिवस मी खरोखरच बघत होतो. कोडोलीचा तो हारातला संगणक, फोटोवरची दहाची वेळ, खाली माझे जोडलेले हात. मला सगळं कळलं होतं आणि मला भीती वाटत होती. उगाच गोल गोल कशाला सांगू, आपली नोकरी जाईल म्हणून मी गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. साडू पुढच्या खोलीत नुसते बसले होते. माझ्या मनात एक भाबडी आशा होती की त्यांना काही उमगलं नसेल. “साडू,” तेच म्हणाले, “कोडोलीचा संगणक त्या दिवशी हार घालून बंद ठिवलेला. फोटो बघितला मी काल. हुकूम गेला, पण घ्यायला तिकडं कुणी जागंच न्हवतं. लॉगिन कधी बंद झालंच न्हाय.” मी म्हणालो, “मग चेअरमनना सांगा की हे!” “सांगितलं तर ते विचारणार, तुम्ही नेहमीगत शाखेत खात्री करून घेतली न्हवती व्हय? मग मी कुणाचं नाव सांगू?” आतून अक्का चहा घेऊन आली, तिला काहीच माहीत नव्हतं. ती परत आत गेल्यावर साडू हळू आवाजात म्हणाले, “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी रेंज शोधत डोंगरावर जाऊन कोडोलीला फोन लावला असता. तुम्ही म्हनला झालं, म्हनून मी धरलं झालं. घरच्या माणसाचा शब्द काय तपासायचा?” ते रागावले असते, तर बरं झालं असतं. मी तो चहा कसा प्यायलो ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच मी चेअरमनांसमोर फोटो ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी फोटोची वेळ बघितली, नोंदीची वेळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “म्हंजे तुम्ही खोटं बोलला?” “व्हय साहेब.” “सख्ख्या साडूशी?” कचेरीच्या कामापेक्षा त्यांना याचाच धक्का जास्त बसला असावा. “कचेरीशी बोलला असता तर समजून घेतलं असतं हो!” म्हणाले, आणि समजून न घेता मेमो दिला. महिनाअखेरीस माझी बदली बिद्रीला झाली. तक्रार नाही, मिळायला हवं होतं तेच मिळालं. मी कबूल केलं त्याच दुपारी साडूंना बोलावणं गेलं, अकरा मयत सभासद जिवंत झाले, आणि पुण्याच्या बाई पुन्हा येऊन मुकाट्याने त्या चौकोनात खूण करून गेल्या. उत्तरासाठी किती वेळ थांबायचं, उत्तर आलं नाही तर पुढचं सगळं काम तिथेच अडवून लाल अक्षरात कसं दाखवायचं, शाखा बंद असेल तर ती उघडल्यावर तोच हुकूम पुन्हा कसा पाठवायचा, सगळं साडूंनी त्यांच्याशेजारी बसून ठरवलं. पहिला हुकूम अर्थात अण्णांच्या लॉगिनचा. बदलीपूर्वीचं माझं शेवटचं काम म्हणून बटण मीच दाबलं. चाक फिरायला लागलं. चेअरमन उभे, बाई उभ्या, कुणी दळणाचं नाव काढलं नाही. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “शून्य आलं, साडू,” मी म्हणालो. “बरं,” ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी तो आकडा स्वतः वाचला.

त्याला आता वर्ष होत आलं. साडूंचं जगाला विचारणं तसंच चालू आहे, गवळ्यापासून चेअरमनांपर्यंत कुणाची सुटका नाही. फक्त मला ते काही विचारत नाहीत. मी एखादं काम सांगितल्याप्रमाणे केलं आणि ‘झालं’ म्हणालो, की ते ‘बरं’ म्हणतात आणि लगेच विषय बदलतात. मी मनाशी समजूत घातली होती की चला, एक कटकट गेली, माणूस सुधारला. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. बिद्रीकडच्या पाहुण्यांच्या पत्रिका त्यांनी माझ्याकडे दिल्या. मी एकेका घरी जाऊन, आहे त्या माणसाच्या हातात पत्रिका दिली, तांदूळ दिले, यायचंच म्हणून सांगितलं. घरी येऊन साडूंना म्हणालो, “सगळ्या पोचल्या.” ते म्हणाले, “बरं,” आणि मांडववाल्याबद्दल बोलायला लागले.

परवा बिद्रीत त्यांतल्याच एका घरावरून जात होतो, तर त्या घरच्या काकूंनी हाक मारून चहाला बसवलं. बोलता बोलता म्हणाल्या, “तुमच्या साडवांचा फोन आलता की, पत्रिका मिळाली का म्हनून. मी म्हटलं, अहो, तुमच्या साडवांनी हातात आणून दिली. तर म्हनले, बरं झालं, पण मी फोन केलता हे त्यास्नी सांगू नका, त्यास्नी वाईट वाटंल.” मग त्यांच्या लक्षात आलं की त्या मला सांगून बसल्या आहेत, आणि त्यांनी जीभ चावली. “मी सांगितलं हे त्यास्नी कळू देऊ नका हं,” त्या म्हणाल्या. मी ‘बरं’ म्हणालो, आणि मांडववाल्याबद्दल बोलायला लागलो.